मऊ कंट्रोलर आणि माझं मनगट

आमच्या घरात भांडायला विषय लागत नाही, पण गेली काही वर्षं एक कायमचा मिळालाय. गेम खेळणाऱ्या माणसाला जास्त काय हवं असतं, मशीनचा जोर की हातातला कंट्रोलर? ऐकणाऱ्याला वाटेल, काय ही ह्यांची चैन! पण ह्या प्रश्नावरून आमच्याकडे ताटंच्या ताटं गार झाली आहेत.

एका बाजूला आमचे हे. आयुष्यभर लिफ्टची दुरुस्ती केली, निवृत्त झाले आणि रिकाम्या वेळाचं काय केलं, तर गेमचा कन्सोल आणला. साधासुधा नाही, दुकानात होता त्यातला सगळ्यात जोराचा. तेव्हापासून बाहेरची खोली त्यांची. "अगं ये, ये! खेळाडूच्या मानेवरचा घाम बघ! केस न् केस दिसतोय!" असं ओरडून मला स्वयंपाकघरातून बोलावतात. मी हात पुसत जाते, तो घाम बघते आणि परत येते. घरात खरा घाम कुणाला येतो ते कधी बघितलं नाही ह्या माणसाने, पण जाऊ दे.

दुसऱ्या बाजूला आमची भिंगरी. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही शाळेत होती, तेव्हापासून आमच्याकडेच. एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून भिंगरी. शिकली सवरली आणि कन्सोल बनवणाऱ्या कंपनीतच नोकरीला लागली. तिचं काम कंट्रोलरचं, म्हणजे खेळताना माणूस जे हातात धरतो त्याचं. ती म्हणायची, "काका, चित्र कितीही सुंदर करा. ज्याला ती सतराशे साठ बटणं जमत नाहीत तो दाराबाहेरच राहणार ना? मग घाम दाखवताय कुणाला?"

"ज्याला बटणं जमत नाहीत त्याने पत्ते खेळावेत," हे म्हणायचे.

तो ज्याला जमत नाहीत तो म्हणजे मी. एकदा हौसेने खेळायला बसले होते. बटण शोधायला खाली बघितलं की वर आमचा माणूस मेलेला. वर बघितलं की बोट भलत्याच बटणावर. शेवटी हे हसत म्हणाले, "तू आपले पडदे शिव." पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे हाच माझा धंदा, मशीन घरातच आहे, तेव्हा वाईट काही बोलले नव्हते. पण मी त्या कन्सोलला पुन्हा हात लावला नाही. राग माझ्या नाकावर असतो, आणि एकदा बसला की हाकलून जात नाही.

भिंगरीच्या कंपनीतही तेच भांडण. नवीन कन्सोल काढायचा होता. जोराची चिप आणि नवा कंट्रोलर दोन्ही घातले तर तो कुणालाच परवडला नसता, म्हणून दोन्हीतलं एकच निवडायचं होतं. तिथे दोन तट पडलेले, जोरवाले आणि हातवाले. जोरवाल्यांचे म्होरके म्हणजे तिचे मोठे साहेब. एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं सरकतात त्याला म्हणे फ्रेम म्हणतात, आणि हा गृहस्थ उठता बसता तेच मोजतो, म्हणून तो फ्रेमसाहेब. हातवाल्यांत आमची भिंगरी आणि तिच्याबरोबरची दोन-चार जणं. तिने एक मऊ कंट्रोलर केला होता. बटणं अजिबात नाहीत. ओंजळीत मावेल असा गोळा, दाबला की खेळ पुढे जायचा, वाकवला की वळायचा. ह्याच्यापायी तिने सुट्ट्या घेतल्या नाहीत, एक चांगलं स्थळ हातचं घालवलं. जेवताना कधीकधी घास हातातच राहायचा. "मावशी, मला एकच भीती आहे. दाबून दाबून कुणाचं मनगट दुखायला नको. बाकी काहीही म्हणू देत, सुधारता येईल. पण हात दुखला असं कुणी म्हटलं ना, तर संपलंच."

हे तिने मला विश्वासाने सांगितलं होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

कंपनी अधूनमधून बाहेरची साधी माणसं बोलावते, त्यांना खेळायला बसवते आणि काय आवडलं ते विचारते. अशाच एका सकाळी भिंगरीचा फोन आला. "मावशी, आत्ताच्या आत्ता येशील? एक बाई येणार होत्या, त्यांनी आयत्या वेळी टांग दिली. पण ऐक, नात्यातलं माणूस चालत नाही. तिथे तू माझी कुणी नाहीस."

"बरं," मी म्हटलं. "तासाभरापुरती नाही तर नाही."

"आणि काकांना आणू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

मी ठेवणीतले कपडे काढले. खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या होत होत्या. एवढी मोठी कंपनी, आणि तिला माझी गरज पडली! आमच्या ह्यांना बाजारात जाते म्हणून सांगितलं आणि निघाले.

तिथे एका मुलीने मला आत नेलं. गळ्यात ओळखपत्र, बोलणं मध घातल्यासारखं. ती खोली म्हणजे एखाद्याच्या घरातली बैठकीची खोली असावी तशी होती. सोफा, गालिचा, टीव्ही, खोटं झाड. सोफ्याचं कव्हर ज्याने शिवलं होतं त्याला कोपरा वळवता येत नव्हता, हे मी आधी बघितलं. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता. मुलगी म्हणाली, "आरशामागे आमची माणसं बसतात. त्यांना तुम्ही दिसता, ऐकूही येता. तुम्हाला ते दिसत नाहीत. काही सांगायचं असलं तर ते बटण दाबून वरच्या स्पीकरमधून सांगतील. तुम्ही त्यांना विसरून जा आणि घरच्यासारखं बसा."

आधी काळा कन्सोल दिला, जोराचा. आहाहा, काय चित्र होतं! पावसात उभा एक शिपाई, त्याच्या कानाच्या पाळीवरून थेंब ओघळतोय. मी थेंब बघत बसले आणि शिपाई मेला. पुन्हा उठला, पुन्हा मेला. बटणं तीच, बोटं तीच आणि मीही तीच. स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला, "बाई, ठीक आहे, आता दुसरा घ्या." ते फ्रेमसाहेब असावेत.

मग तो मऊ गोळा हातात आला. टीव्हीवर निळं पाणी, आणि पाण्यात छत्रीसारखा उघडझाप करणारा एक जीव. त्याला गुहेतून पलीकडे न्यायचं. मी हळूच दाबलं, तो वर आला. सोडलं, खाली गेला. अगं बाई! शिवणाच्या मशीनचा पायाखालचा पेडल असतो ना, जड कापडाला जास्त, झिरझिरीत कापडाला नुसता अंगठा टेकवायचा, तसंच होतं अगदी. ते मला कुणी शिकवायला नको. चित्र काही ह्यांच्या घामाइतकं बारीक नव्हतं, मासे तर कागदाचे कापल्यासारखे होते, पण कुणाला पडलंय! मी खडकांमधून गेले, अंधारातून गेले, एकदा अडकले तर मोठ्याने "अरे सोड की मेल्या!" असं ओरडले. पुढे उजेड दिसायला लागला. मी सोफ्याच्या कडेवर आले होते, आणि कामात जीव गुंतला की जीभ बाहेर काढायची माझी सवय, तीही बाहेर आली असणार.

तेवढ्यात वरून हसू ऐकू आलं.

आधी मला वाटलं खेळातलंच आहे. मग शब्द आले. आरशामागे कुणाचा तरी हात नाहीतर कप त्या बटणावर पडला असणार. फ्रेमसाहेब म्हणत होते, "गेम खेळतायत की धुणं पिळतायत? आणि ती जीभ बघा, जीभ!" मग चार-पाच जणांचं हसू. कुणीतरी विचारलं, "कुठून पकडून आणलं हे ध्यान?"

आणि मग आमच्या भिंगरीचा आवाज. हजार आवाजांत ओळखेन मी तो. "काय माहीत, कुठून मिळतात असल्या बायका. पण साहेब, हाच तर माझा मुद्दा आहे. जिला टीव्हीचा रिमोट धड धरता येत नाही, तिलासुद्धा हे जमतंय. ह्या बाईला जमलं म्हणजे कुणालाही जमेल." आणि हसली. तोंडावर हात धरून हसते ना, तसं. मग खट्कन आवाज बंद झाला.

माझे कान तापले. समोर आरशात मी दिसत होते, ठेवणीतल्या कपड्यांतली, गोळा हातात धरून बसलेली. असं वाटलं की सगळ्यांनी मिळून मला उघडं पाडलंय. आयत्या वेळी कुणी मिळालं नाही म्हणून नाही, ओळखीतली सगळ्यात बावळट कोण ते आठवून तिने मला फोन केला होता. जिच्या वेण्या घातल्या, जिच्या तापात उशाशी बसले, तिने!

तरी हात चालूच होते. तो जीव गुहेच्या बाहेर आला, वर सूर्य दिसला, पडद्यावर अक्षरं आली की तुम्ही जिंकलात. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा गेम शेवटापर्यंत नेला होता, आणि मला तोंड लपवायला जागा हवी होती.

ती मधाळ मुलगी आत आली. "कसं वाटलं? ह्यातला कुठला घरी न्याल?"

मी आरशाकडे बघितलं. आरशामागे कोण कुठे बसलंय ते माहीत नव्हतं, पण ती ऐकतेय हे माहीत होतं. म्हटलं, "काळा. काय चित्र आहे! गेम म्हणजे चित्र, दुसरं काय? हा गोळा म्हणजे थिल्लरपणा. दोन दिवस कौतुक, मग माळ्यावर."

"बरं. आणखी काही?"

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण नाकावरचा राग! मी डावा हात उजव्या मनगटावर ठेवला आणि म्हटलं, "आणि मनगट भरून आलंय हो. इथून कोपरापर्यंत कळ येतेय."

मुलीचं हसू मावळलं. तिने आरशाकडे बघितलं. नेम बरोबर लागला होता.

घरी येईपर्यंत मी स्वतःवर खूष होते, हे सांगायला आता लाज वाटते. कशी जिरवली, असं रस्ताभर चाललं होतं. संध्याकाळी भिंगरी आली ती बामाची बाटली आणि पट्टी घेऊनच. पायातलं काढायच्या आधी माझ्यासमोर येऊन बसली. "दाखव. कुठे दुखतंय? इथे? असं वळवलं की?" चेहरा एवढासा झालेला. मी तोंड फिरवून बोट कुठेतरी ठेवलं. हे विचारायला लागले, बाजारात जाऊन मनगट कसं दुखलं? ती म्हणाली, "काका, पिशव्या. तुम्ही आजपासून भांडी घासा." लग्नाला इतकी वर्षं झाली, भांड्याला हात लावला नव्हता गृहस्थाने, तो निमूटपणे उठला.

मग रोज तेच. ती कामावरून आली की आधी माझं मनगट. शिवणाला हात लावू देईना. गिऱ्हाइकांना तिनेच फोन करून सांगितलं की मावशीचा हात दुखतोय, पडद्यांना उशीर होईल. मी दुपारी दार लावून चोरून शिवायची आणि तिची चाहूल लागली की पट्टी बांधायची. ह्या वयात, स्वतःच्या घरात! बामाच्या वासाने मला मळमळायला लागलं होतं. दर संध्याकाळी ठरवायची, आज सांगते, आणि तिचं डोकं खाली वाकलेलं बघितलं की नुसता हात पुढे करायची. सांगायचं तर मी का खोटं बोलले ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे तिचं ते हसू तिच्या पदरात टाकायचं. वर मनात हेही होतंच की तिने काही कमी केलेलं नाही. अर्धा राग, अर्धी शरम, असं ते चाललं होतं.

काल ती लवकर आली. पिशवी टेबलावर ठेवली, बाम घेतला, बसली. बाहेरच्या खोलीत ह्यांची फुटबॉलची मॅच रंगात आली होती.

"संपलं, मावशी," ती म्हणाली. "काळा कन्सोल काढायचं ठरलं. माझा कंट्रोलर बंद."

मी विचारलं, "माझ्यामुळे?"

"नाही गं. गंमत म्हणजे बाकी सगळ्यांना आवडला होता. फ्रेमसाहेबसुद्धा नरमले होते. म्हणाले, एकाच बाईचं मनगट दुखलंय, एखादीचं दुखतं, सोडून देऊ, पुढे जाऊ."

"मग?"

"मग मीच नको म्हटलं." ती चोळत होती, अंगठ्याने, गोल गोल. "म्हटलं, बाकीचे बरं वाटावं म्हणून गोड बोलले असतील, पण ही बाई खोटं बोलणार नाही. ते म्हणाले, तुला काय माहीत? मी म्हटलं, माझी मावशी आहे ती. तिनेच मला वाढवलंय. ती दुखतंय म्हणाली म्हणजे दुखतंय."

मी मनगट मागे ओढलं, तिने ते धरून ठेवलं.

"नात्यातलं माणूस आणलं म्हणून ओरडा बसला. तिथून काढून मला दुसऱ्या खात्यात टाकलंय, वायरी आणि चार्जर. असू दे. लोकांचे हात दुखवणारी वस्तू मला विकायची नव्हती." मग माझ्याकडे बघून जरा हसली. "तू नसतीस तर मला कुणी खरं सांगितलंच नसतं."

बाहेर आमच्या ह्यांनी गोल केला आणि आरोळी ठोकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मनगट तिच्या हातातून सोडवून घेतलं आणि पट्टी काढून टाकली.

"दुखत नव्हतं," मी म्हटलं. "तेव्हाही नाही, आत्ताही नाही. तुझी मावशी धडधडीत खोटं बोलली."

ती बघतच राहिली. "का?"

"वरच्या स्पीकरमधून ऐकू येत होतं."

का ते समजायला तिला क्षणभर लागलं. मग तिचा रंगच उडाला. कंट्रोलरचं काही विचारलं नाही, खातं बदललं त्याचं नाही. विचारलं एवढंच, "किती ऐकलंस?"

"सगळं."

तिने तोंड उघडलं, मिटलं. काहीतरी सांगायला पुन्हा उघडलं. "मावशी, ते मी त्यांना आपलं नातं कळू नये म्हणून..." आणि थांबली. खोटं पुढे सरकेना. बामाने माखलेले हात मांडीवर ठेवून म्हणाली, "नाही. मला खरंच तसं वाटलं होतं. तुला जमणार नाही, आणि तुला जमलं तर त्यांना दाखवता येईल, असंच वाटलं होतं. म्हणूनच तुला बोलावलं."

"उद्या जाऊन साहेबांना सांग, मी खोटं बोलले म्हणून. मी येते बरोबर, त्यांच्या पाया पडते हवं तर."

"काय सांगू? आजच सांगून आलेय की माझी मावशी खोटं बोलत नाही." तिचा आवाज फाटला. "आणि का बोलली म्हणून विचारलं तर? काय सांगू त्यांना, मी तुला काय म्हणाले ते?"

एकमेकींकडे बघवत नव्हतं, म्हणून दोघी टेबलाकडे बघत बसलो. मला काहीतरी द्यायचं होतं तिला, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून मी बोलायला लागले.

"मी शेवटापर्यंत गेले गं. गुहेच्या बाहेर आले, सूर्यापर्यंत. आणि हातांकडे एकदासुद्धा बघावं लागलं नाही मला. काय केलंयस तू ते! मऊ, पण नेमकं. जरा दाबलं की त्याला कळतं मला काय हवंय. मी तर विसरलेच होते की मला गेम येत नाही. तुझ्या काकांचे ते घामबीम सगळे झक मारतात. मी तो घरी आणला असता, रोज खेळले असते..."

"मावशी, नको," ती म्हणाली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं तिने, बाम डोळ्यांत जाईल ह्याचंही भान नव्हतं. "आता नको सांगूस."

अजून पुष्कळ सांगण्यासारखं होतं. मी गप्प बसले.